टँकचा तळ आणि अव्वाचा पाय

आमच्या सोसायटीच्या स्विमिंग टँकचा तळ नव्याने करून घ्यायचा आणि तो मीच करून घ्यायचा, हे मी संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी ठरवले. त्या दिवशी टँकमधल्या जुन्या फरशीचा एक तुकडा सुटून माझ्या आईच्या टाचेत शिरला. आई म्हणजे अव्वा. आमच्यात आईला अव्वा म्हणतात. नाव बसम्मा, माहेर कुरुंदवाडचे, वय चौऱ्याहत्तर, आणि गुडघे त्याहून दहा वर्षांनी मोठे.

या गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी दोनच उपाय सांगितले होते. गुडघे बदलायचे, नाहीतर रोज अर्धा तास छातीभर पाण्यात चालायचे. बदलाबदलीचा विषय अव्वाने दवाखान्यातच मिटवला. गुडघे म्हणजे काय पितळेची भांडी हायत व्हय, मोडीत घालून नवी घ्यायला, असे तिने डॉक्टरांनाच विचारले. तेव्हापासून गेली दोन वर्षे ती रोज सकाळी इरकली लुगड्याचा काष्टा घट्ट करून टँकमध्ये उतरायची आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालायची. चालता चालता ओव्या म्हणायची. लहानपणी जात्यावर शिकलेली तिची ओवी जमिनीवर रुसून बसते, पाण्यात मात्र आपोआप सुचते. ओवीत तिने भावाला घातले, गेलेल्या नवऱ्याला घातले, सुनेला तर तीनदा घातले. सोसायटीची लिफ्ट बंद पडली तेव्हा लिफ्टलाही घातले. मला, म्हणजे सोमूला, कधी घातले नाही. मी हे मनाला लावून घेतलेले नाही. पोटच्या एकुलत्या एका मुलाच्या आधी लिफ्टचा नंबर लागला, एवढेच माझे म्हणणे आहे.

टाचेला टाके पडले आणि टँक रिकामा केला. दुसऱ्या आठवड्यात अव्वाने बाहेर जाताना काठी घेतली. पाचव्या आठवड्यात काठी स्वयंपाकघरापर्यंत आली. ओवी तर बंदच पडली. डॉक्टर म्हणाले, अशाच मे संपेपर्यंत बसून राहिल्या तर मांडीतले बळ जाईल, मग पाण्याचाही उपयोग नाही. मी विमा कंपनीत नोकरी करतो. मुदत संपण्याचा अर्थ मला समजावून सांगावा लागत नाही.

आमची सोसायटी कोल्हापूरला, कळंब्याच्या अलीकडे, जोतीराम तात्यांच्या शेतात उभी आहे. शेत गेले तरी तात्या आहेत, आणि सोसायटीचे चेअरमनही तेच आहेत. बिल्डरने टँक बांधला तो नेमका त्यांच्या विहिरीच्या जागी. त्यामुळे तात्या आजही त्याला हीरच म्हणतात आणि काठावर उभे राहून अधूनमधून मोटेची आठवण काढतात. मी विषय काढताच त्यांनी निकाल दिला, की हिरीला काळा दगड लागतो, बाकी सगळी थेरं. दगड कोरीव पाहिजे, सांधा शिशाने भरला पाहिजे. मी म्हटले, तात्या, आपल्याला गड बांधायचा नाही. त्यावर ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत आणि तिसऱ्या दिवशी दगडाचा नमुना म्हणून पाटा घेऊन आले.

माझी स्वतःची निवड केव्हाच झाली होती. काचेचे मोझॅक. नखाएवढे काचेचे चौकोन, रंग मोरपिशी. कॅटलॉगमध्ये त्या तळावरच्या पाण्याचा फोटो होता. श्रावणात ऊन-सावली एकमेकींचा पदर ओढत पळतात ना, तसे ते पाणी हलत होते. फोटोतले पाणी हलत नाही, असे माझी बायको वर्षाराणी म्हणाली. तिचा फोटोंचा अभ्यास कमी आहे. मी तो कॅटलॉग उशाशी ठेवू लागलो. अव्वा त्या मोरपिशी पाण्यात चालते आहे, ओवी म्हणते आहे आणि त्या ओवीत कोणाचे तरी नाव येते आहे, असे चित्र मला दिसायचे. कोणाचे ते मी सांगत नाही.

पण सोसायटी म्हटली की सभा आली. सभेत कळले की चौदा घरांत पोहायला येणारे तिघे आणि टँकच्या तळाबद्दल मत असणारे बेचाळीस. कुणाच्या मेव्हण्याने इपॉक्सीचा रंग मारला होता, तो पापडासारखा सुटला. कुणाच्या साडूने फायबर बसवले होते, ते अजून शाबूत आहे, साडू मात्र गेला. एकांनी सुचवले की सरळ जाड निळे प्लॅस्टिक अंथरावे, शेततळ्यात अंथरतात तसे, वर हवे तर मासेही सोडता येतील. मासे की माणसे यावर पाऊण तास गेला. संगमरवराची पूड घातलेला पांढरा गिलावा हा प्रकार एका निवृत्त मुख्याध्यापकांनी इतक्या प्रेमाने समजावला, की शेवटी टँक बाजूला राहिला आणि आम्ही ताजमहाल बघून आल्यासारखे घरी गेलो.

मग परवानगी. टँकच्या दुरुस्तीला परवानगी लागते का, हे विचारायला मी गेलो हीच माझी चूक. नकाशा उलगडल्यावर निष्पन्न झाले, की शहराची हद्द आमच्या टँकमधून जाते. पूर्वेची पायरी गावात, पश्चिमेची शहरात. एका कचेरीत म्हणाले, आमच्या अर्ध्याचे आम्ही सांगू, त्यांच्या अर्ध्याचे त्यांचे पत्र आणा. दुसऱ्या कचेरीत हेच वाक्य मी पुन्हा ऐकले, फक्त पंखा वेगळा होता. अव्वा सकाळी गावातून निघून शहरात पोचते आणि परत येते, असे रोज वीस वेळा, हे मी त्यांना सांगितले. साहेब म्हणाले, मग त्यांना गुडघ्याचा त्रास होणारच. मी दोन्हीकडे अर्ज दिले, दोन्हीकडे पोच घेतली आणि बाहेर येऊन रसवंतीत दोन ग्लास रस प्यालो. एक गावाचा, एक शहराचा. मी हटणारा माणूस नाही.

शेवटी मीच तोड काढली. सगळे नमुने टँकच्या तळावरच लावायचे, पायरीपाशी, प्रत्येकी एक चौकोन, पाट मांडावेत तसे. आठ दिवस सुकू द्यायचे, मग पोटरीभर पाणी सोडून तीन दिवस ठेवायचे. जो टिकेल तो आपला. सम्राट नावाचा कंत्राटदार होता. त्याने मोझॅक, काळा दगड, इपॉक्सी, फायबर आणि मुख्याध्यापकांचा पांढरा गिलावा असे पाच चौकोन केले. सहावी जागा उरली. त्याच्या टेम्पोत कंपाऊंडच्या भिंतीला मारायच्या गिलाव्याचे अर्धे पोते होते, नदीतल्या बारीक गोट्यांचे. जागा मोकळी दिसायला नको म्हणून त्याने तेच थापले आणि वरून ब्रशने धुऊन काढले. गोटे मटकीच्या उसळीसारखे वर आले. ते बघून मी हसलो होतो, हे इथे कबूल करतो.

पाणी सोडायचा दिवस मी ठरवला आणि फलकावर सूचना लावली. ती माझ्याच हाताने, माझ्याच भाषेत लिहिली होती. ‘गुरुवार दिनांक सतरा रोजी जलाशयाच्या तलपृष्ठाची जलधारण-चाचणी योजिली असून रहिवाशांनी सहकार्य करावे.’ कुणी काही विचारले नाही, म्हणजे सगळ्यांना समजले असे मी धरून चाललो. बायकांचा व्हॉट्सॲपवर एक वेगळा गट आहे, त्यात मी नाही. त्या गटात त्याच गुरुवारसाठी एक वेगळीच सूचना फिरत होती, आणि ती चार शब्दांची होती. टँकात ऊन चांगलं हाय.

पाडवा झाला की कोल्हापुरात वर्षाच्या चटणीचे वारे सुटते हे परगावच्या माणसाला सांगावे लागेल. ब्याडगी रंगाला, संकेश्वरी चवीला, लवंगी जरबेला. मिरची आणायची, देठ खुडायचे, कडकडीत वाळवायची, मग डंकावर नेऊन कुटून आणायची. ती चटणी पुढच्या पाडव्यापर्यंत घर चालवते. चटणी बिघडली तर वर्ष बिघडले. आमच्या गच्चीवर यंदा सोलरचे पत्रे बसले, वाळवणाला जागा उरली नाही. तेव्हा दुसऱ्या मजल्यावरच्या शालूवहिनींच्या डोक्यात आले, की चारी बाजूंनी भिंत, वारा नाही, धूळ नाही, आणि दुपारी तळ तव्यासारखा तापतो, अशी जागा खाली फुकट पडली आहे. वर्षाराणीने मला हे गुरुवारी सकाळी चहाच्या वेळी सांगितले होते, असे ती म्हणते. मी ‘हूं’ म्हणालो होतो, असेही म्हणते. त्या वेळी मी मोझॅकच्या सांध्यांत कुठली पूड भरावी याचा विचार करत होतो, त्यामुळे हे नाकारता येत नाही.

तर त्या गुरुवारी अकरा वाजता चौदा घरांची मिरची टँकच्या तळावर पसरली होती. भिंतीपासून भिंतीपर्यंत लाल. आपण मध्येच कुठे नमुने लावलेत याचा मागमूस नव्हता. पाखरे हाकायला पायरीवर खुर्ची टाकून, डोक्यावर पदर घेऊन अव्वा बसली होती. राखणीचे काम मिळाल्याने तीन महिन्यांत पहिल्यांदा तिचा चेहरा जरा उजळला होता. पण हे मला कसे दिसणार? मी रजा काढून मागच्या बाल्कनीत उभा होतो आणि फोनवर दुसऱ्या कचेरीला पहिल्या कचेरीच्या पोचीचा नंबर सांगत होतो.

मध्येच टँकरवाल्या आकारामचा फोन आला. त्याने टँकर मागच्या रस्त्याला लावला होता आणि मी सांगितल्याप्रमाणे पाइप कंपाऊंडच्या भिंतीवरून आत सोडला होता. भिंत पुरुषभर उंच. पलीकडचे त्याला दिसायचे कारण नव्हते.

“साहेब, सोडू का?” तो म्हणाला.

“सोडा,” मी म्हणालो. मोहिमेवर निघालेल्या माणसाने म्हणावे तसे म्हणालो.

नंतर जो आवाज आला तो आधी पाण्याचा होता आणि मग बायकांचा. मी जिन्याने खाली पोचलो तोवर पाणी घोट्याच्या वर आले होते. मिरच्या वर तरंगत होत्या, गोल फिरत होत्या, पंचगंगेच्या घाटावर कार्तिकात सोडलेले दिवे फिरावेत तशा. तेवढ्या गडबडीतही मला तसेच वाटले, हा माझा दोष आहे. पाणी तांबड्या रश्शासारखे झाले होते. काठावर सगळी सोसायटी उभी होती आणि खोकत होती. भिंतीपलीकडे पाइप बंद करा म्हणून ओरडायला तोंड उघडले, की ठसका लागत होता. शेवटी टँकर रिकामा झाला तेव्हाच पाणी थांबले.

पाण्यात उतरले होते एकच माणूस. अव्वा. काठीने मिरच्या ओढून पदरात भरत होती. मग पदर भरला म्हणून तिने काठी काठावर फेकली आणि दोन्ही हातांनी गोळा करू लागली.

चौऱ्याहत्तर वर्षांची बाई, हातात काठी नाही, पायाखाली काय आहे ते दिसत नाही. मी पँट न दुमडता, घड्याळ न काढता पायऱ्या उतरलो. अव्वा थांब, मी आलो, असे म्हणालो. ती चार पावलांवर होती. मी पहिले पाऊल टाकले ते ठीक पडले. दुसरे पडले ते माझ्या स्वतःच्या, मी निवडलेल्या, मी उशाशी ठेवलेल्या मोरपिशी मोझॅकवर. साबणावर पाय पडावा तसा तो गेला. तो ज्या दिशेला गेला तिकडे उरलेला मी गेलो नाही. मी चौदा घरांच्या मिरचीत बसलो.



अव्वाने मागे वळून पाहिले. हलली नाही, डगमगली नाही. नदीच्या घाटावर धुणे धुवायला उभी असल्यासारखी दोन पाय रोवून उभी होती.

“तिथं कशाला बसलास बा,” ती म्हणाली. “तिथं न्हाय टिकत पाय. हितं ये. हितं बसतोय.”

हात तिने दिला. मी ओढला गेलो आणि तिच्या शेजारी उभा राहिलो. खरेच, तिथे पाय बसत होता. तळव्याला बारीक बारीक गोटे लागत होते, टोचत नव्हते, धरत होते. मग तिने न दिसणाऱ्या तळावर पायाने चाचपून, घरातल्या अंधारात दिव्याचे बटण शोधावे तसे, एकेक चौकोन मला सांगितला. हे गुळगुळीत. हे त्यापेक्षा बेकार. हा तात्याचा दगड, बरा हाय, पर शेवाळ धरंल. पुन्हा गोट्यांवर आली आणि म्हणाली, माहेरी कृष्णेला उन्हाळ्यात पाणी आटलं की वाळू सरून असंच लागायचं पायाला.

तिने हे सांगितले तेव्हा ती एकूण चौदा पावले चालली होती. काठीशिवाय. माझ्याखेरीज हे कुणी मोजले नसेल, कारण बाकी सगळे मला बघत होते, आणि मोजत असतानाच मला एक नवी गोष्ट जाणवू लागली. मिरची पाण्यात विरघळते. आणि बसलेल्या माणसाच्या पँटमधून पाणी आत जाते.

पुढचा तास मी त्रोटक सांगतो. शालूवहिनींनी ताक सुचवले, वर्षाराणीने आणले, सम्राटने त्याचे मोठे घमेले धुऊन दिले. आमच्या न्हाणीघरात मी त्या घमेल्यात बसून होतो आणि दाराबाहेरून जोतीराम तात्या मला धीर देत होते. तालमीत कुस्तीच्या हौद्यातल्या लाल मातीला ताक पाजतात, मऊ राहते, पैलवानाला लागत नाही, असे त्यांनी सविस्तर सांगितले. मी त्यांचे आभार मानले. त्या स्थितीत माणूस कुणाचेही आभार मानतो.

रविवारी पाणी काढले. सगळे टँकच्या तळाशी जमले. इपॉक्सी फुगले होते, मुख्याध्यापकांचा पांढरा गिलावा गुलाबी झाला होता, गोट्यांचा तर गेरूने सारवल्यासारखा लाल झाला होता. आणि माझे मोझॅक? फडक्याने पुसले आणि ते हसले. मोरपिशी, लखलखीत, डाग म्हणून नाही. सभेने तिथेच एकमताने ठरवले, की आता शंकाच नको. जे मिरचीला हटले नाही ते कशाला हटेल? तीन महिने मी ज्यासाठी भांडलो ते मला ताटात वाढून आले. लोक माझ्या दूरदृष्टीबद्दल बोलू लागले.

मी म्हणालो, मोझॅक नको.

मी इतक्या हळू म्हणालो की पुन्हा म्हणावे लागले. मग सांगितले, की मोरपिशी रंग मला अजूनही आवडतो, फोटो अजूनही उशाशी आहे, पण ज्याला मोझॅक पाहिजे त्याने चप्पल काढून त्यावर दोन तांबे पाणी ओतावे आणि उभे राहून दाखवावे. कुणी पुढे झाले नाही. जोतीराम तात्यांनी आपली करकरती चप्पल काढली, एक पाय ठेवला, दुसरा उचलला आणि तो हवेतच ठेवून पुन्हा मागे घेतला. चप्पल घालत ते म्हणाले की गोटे म्हणजे तरी दगडच की, फक्त लहान. हे त्यांच्यापुरते मिटले. पण बाकीच्या पुरुषमंडळींना निळे पाणी हवे होते. डागाळलेल्या तळाचा टँक घेऊन पाहुण्यांना तोंड कसे दाखवायचे, हा त्यांचा प्रश्न होता.

तेव्हा शालूवहिनी बोलल्या. मी आजवर त्यांना मोठ्याने बोलताना ऐकले नव्हते.

“भावजी, आमच्या सगळ्या घरांचं मत गोट्याला. पर नवी मिरची येणार, तिचं देठ तुम्ही गड्यांनी खुडायचं. सगळं. शेवटच्या मिरचीपर्यंत.”

वर्षाराणीने हात वर केला. मग एकेक करत बायकांचे सगळे हात वर गेले. मी कधी एवढे स्पष्ट बहुमत पाहिलेले नाही. पुढचे दोन रविवार आमच्या पार्किंगमध्ये चौदा पुरुष गोल करून बसले होते आणि देठ खुडत होते. मुख्याध्यापक शिंकत होते. कुणी डोळ्याला हात लावला की बाकीचे त्याला ताकाचा पत्ता विचारायला माझ्याकडे पाठवत होते. मी सहन केले. मान खाली घालून मी सगळ्यांत जास्त देठ खुडले, आणि माझ्या ढिगात एकही देठ राहिला नाही, हे शालूवहिनींनी स्वतः तपासून सांगितले.

सम्राटने मेच्या दुसऱ्या आठवड्यात तळ पुरा केला. नमुन्याचा लाल चौकोन उखडायला तो निघाला, तेव्हा मी त्याला राहू दे म्हणालो. पाणी भरायच्या दिवशी दोन्ही कचेऱ्यांची पत्रे एकाच टपालाने आली. सदर टँक आमच्या हद्दीत येत नाही, असे दोघांनीही कळवले होते. मी ती दोन्ही जपून ठेवली आहेत. आमचा टँक सध्या कुठेच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अव्वा काष्टा मारून उतरली. पायऱ्यांचा कठडा धरून, सावकाश. पाणी निळे नव्हते. पावसाळा सरल्यावर ओढ्याचे पाणी निवळते, तळाचे गोटे दिसतात, तसे होते. एक फेरी तिने गप्प मारली. दुसरी मारली. मी काठावर टॉवेल घेऊन उभा होतो. तिसऱ्या फेरीला तिचे ओठ हलू लागले. आधी नुसते गुणगुणणे, मग शब्द.

*पाण्यात चालते, पाण्याला नाही वाट*
*माझ्या गं तळव्यांना, ओळखीचा झाला घाट*

मग सम्राटला घातले, तात्यांच्या हिरीला घातले, शालूवहिनींच्या मिरचीला घातले. मी टॉवेलाची घडी मोडून पुन्हा घातली. परत फिरताना ती लाल चौकोनावर आली, क्षणभर थांबली, माझ्याकडे न बघता हसली आणि पुढे निघाली.

*मोराचं पीस गं, लेक शोधाया निघाला*
*सोमू माझा बाई, मिरचीत बसला*

काठावर तात्या होते, वर्षाराणी होती, शालूवहिनी होत्या. सगळे हसले. मी म्हणालो, अव्वा, ती शेवटची पुन्हा एकदा म्हण की.